पाचवीतल्या मुलीचे केस धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी तेलकट होतात, काय करावे?

कोरांटी (सोलापूर)

नमस्कार. माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे. तिचे केस कमरेपर्यंत लांब, सरळ आणि बारीक पोताचे आहेत. आमच्या घरची पद्धत अशी की रविवारी शिकेकाईच्या साबणाने न्हायचे, केस वाळले की सासूबाईंनी खोबरेल तेल लावून दोन वेण्या घालायच्या आणि बुधवारी पुन्हा एकदा तेलाचा हात फिरवायचा. पहिली-दुसरीपासून हे सुरळीत चालले होते. गेल्या काही महिन्यांपासून मात्र, न्हाल्यानंतर तेल अजिबात लावले नाही तरी, सोमवारी संध्याकाळपर्यंत केस मुळांशी चिकट होऊन टाळूला चिप्प बसतात आणि डोक्याला कुबट वास येतो. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्याही दिसू लागल्या आहेत.

वर्गातल्या दोन-तीन मुली तिला ‘तेलाची बुधली’ म्हणून चिडवतात. त्यामुळे ती घरी आल्यावर चिडचिड करते आणि केस कापून टाका असे सांगते. सासूबाईंचे म्हणणे असे की केस वारंवार धुतले तर डोके आणखी तेल सोडते, शिवाय तेल बंद केले तर केस गळतील आणि अकाली पिकतील. मला त्यांचा अनादर करायचा नाही, पण मुलीचे हालही पाहवत नाहीत.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि एरवी वापरायचे पाणी बोअरचे, चांगलेच जड असते, हेही लक्षात घ्यावे. या वयाच्या मुलीने आठवड्यातून किती वेळा केस धुणे योग्य आहे, तिचे वय लवकर वाढत असल्याची ही खूण तर नाही ना, साबण बदलावा का, आणि यातले कोणते काम तिचे तिने करावे व कोणते मी, याबद्दल जाणकारांनी आणि अनुभवी पालकांनी मार्गदर्शन करावे.

दवणा (पुणे)

मी त्वचारोगांची चिकित्सा करते. मुलीला न पाहता निदान सांगणे योग्य नाही, परंतु तुम्ही केलेले वर्णन या वयात नेहमी ऐकू येणारे आहे, आणि त्यातली बहुतेक अडचण घरच्या घरी सुटणारी आहे.

प्रथम वयाविषयी. टाळूवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते आणि ती सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवते. बाळ जन्मते तेव्हा आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) या ग्रंथी जोरात असतात, म्हणूनच काही तान्ह्या बाळांच्या टाळूवर पिवळी खपली धरते. पुढे त्या शांत होतात आणि काही वर्षे तशाच राहतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन गटातली संप्रेरके हळूहळू अधिक प्रमाणात तयार करू लागतात. ही अवस्था मासिक पाळी सुरू होण्याच्या कितीतरी आधी येते. तिचे पहिले दृश्य परिणाम म्हणजे केसांचा तेलकटपणा, घामाला येणारा मोठ्या माणसासारखा वास आणि कपाळावरच्या पुटकुळ्या. साडेदहाव्या वर्षी हे दिसणे वयाला धरूनच आहे. मुलीच्या बाबतीत आठ वर्षांच्या आत छातीची वाढ, किंवा काखेत व जांघेत केस दिसू लागले, अथवा मुलाच्या बाबतीत नऊ वर्षांच्या आत तशी लक्षणे दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. केवळ तेलकट केसांवरून तसा निष्कर्ष काढू नये.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. केस वारंवार धुतल्याने ग्रंथी जास्त तेल तयार करतात ही समजूत फार पसरलेली आहे, परंतु ग्रंथीने किती सीबम तयार करायचे हे मुख्यतः संप्रेरके ठरवतात, शॅम्पू नव्हे. धुतल्यावर डोके स्वच्छ झालेले असते, त्यामुळे पुन्हा साचू लागलेले तेल चटकन नजरेत भरते, इतकेच. केस सरळ आणि बारीक असतील तर ते तेल मुळापासून खाली सहज उतरते, आणि कुरळ्या केसांच्या मैत्रिणीला चार दिवसांनी जाणवणारा चिकटपणा अशा मुलीला दीड दिवसात जाणवतो. म्हणून माझा सल्ला असा की सध्या एक दिवसाआड केस धुवावेत. उन्हाळ्यात किंवा खेळाच्या दिवसांत रोज धुतले तरी, शॅम्पू सौम्य असेल तर, बिघडत नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही टाळू तेलकट असेल तर दिवसातून एकदा धुण्यास हरकत घेत नाही.

साबण मात्र अवश्य बदलावा. वडी शिकेकाईची म्हणवत असली तरी ती मुळात साबणच असते आणि तिचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो. टाळूचा सामू साडेपाचच्या जवळ, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या पाण्याची. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा, चिकट साका तयार करतात आणि तो केसांवरच बसतो. न्हाऊनही केस मेणचट लागतात याचे अर्धे कारण तुमच्या घरी हेच असण्याची शक्यता आहे. शॅम्पूतले कृत्रिम निर्मलक (मळ काढणारे डिटर्जंट) जड पाण्यातही असा साका धरत नाहीत. त्यासाठी महाग शॅम्पू घेण्याची गरज नाही. लहान मुलांसाठीचा अगदी मवाळ शॅम्पू मात्र या मुलीला बहुधा अपुरा पडेल, म्हणून तेलकट किंवा सामान्य केसांसाठीचा साधा, पारदर्शक शॅम्पू पाहावा.

धुण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते. केस आधी पूर्ण भिजवावेत, कमरेपर्यंतच्या केसांना याला बराच वेळ लागतो. मग रुपयाच्या नाण्याएवढा शॅम्पू तळहातावर घेऊन, थोड्या पाण्यात कालवून, तो फक्त टाळूला लावावा आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, कानामागे व मानेवरच्या केसांपर्यंत चोळावा. लांबीला वेगळा शॅम्पू लावू नये, वरून ओघळणारा फेस तिला पुरतो. शेवटी पाणी निवळ येईपर्यंत खंगाळावे. टोके कोरडी वाटली तर कंडिशनर फक्त कानांच्या खालच्या भागाला लावावा. मुळांना लावला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार घेऊन तुम्ही इथे याल.

कपाळावरच्या पुटकुळ्यांना वयाबरोबरच डोक्याचे तेल खाली उतरून छिद्रे बुजणे हेही कारण असू शकते. काही दिवस टाळूला तेल न लावता पाहिले तर त्या बऱ्याच कमी होतील असा माझा अंदाज आहे.

माजघर (सातारा)

दवणाताईंनी शास्त्र छान समजावून सांगितले आहे. मी दोन नातींची आजी आहे आणि तेलाच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांमध्ये तेलाला सरळ गुन्हेगार ठरवून मोकळे होण्याची घाई फार दिसते.

आमच्या पिढीला आठवड्यातून एकदाच न्हायला मिळे आणि न्हाणे म्हणजे एक सोहळाच असे. परंतु त्या काळी तेल लावून आठ दिवस डोके तसेच ठेवणे हा केसांच्या हिताचा विचार होता असे मी म्हणणार नाही. बंबात पाणी तापवायचे, घरात चार-पाच पोरी, विहिरीवरून पाणी आणायचे, त्यामुळे ज्याचे त्याचे वार ठरलेले असत. सोमवारी न्हायचे नाही, शनिवारी न्हायचे नाही, भावाचा वार टाळायचा, हे सगळे त्यातच मिसळून गेले. तुमच्या सासूबाई जे सांगतात त्यात माया आहे. मात्र त्या शिस्तीमागे पाण्याचा आणि सरपणाचा हिशेबही होता, हे त्यांनाही आठवत असेल.

माझा अनुभव सांगते. थोरल्या नातीचे केस असेच होऊ लागले तेव्हा आम्ही तेल सोडले नाही, त्याची वेळ आणि जागा बदलली. न्हाण्याच्या आधी तासभर चमचाभर कोमट खोबरेल तेल केसांच्या लांबीला आणि टोकांना लावायचे, टाळूला लावायचे नाही, आणि मग धुऊन टाकायचे. न्हाल्यानंतर तेलाचे बोटही लावायचे नाही. केसांचा गुंता कमी होतो, टोके दुभंगत नाहीत आणि आजीच्या हाताला कामही राहते. हे शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये. मुली मोठ्या होऊ लागल्या की त्यांच्या डोक्याला हात लावायला मिळण्याचे प्रसंग कमी होत जातात, आणि तुमच्या सासूबाईंचा आग्रह थोडाफार त्याचाही असेल.

शॅम्पू नकोच असेल तर खरी शिकेकाई वापरून पाहावी, वडी नव्हे. शिकेकाईच्या शेंगा, थोडे रिठे, आवळकाठी आणि नागरमोथा रात्री लोखंडाच्या नव्हे तर स्टीलच्या पातेल्यात भिजत घालावेत, सकाळी उकळावेत आणि ते पाणी निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. गाळण्यात कसूर झाली तर भुगा केसांत अडकतो आणि दिवसभर खाज सुटते. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, म्हणून मुलीला मान मागे टाकून बसवावे. ही खटपट एक दिवसाआड शक्य नाही हे मला मान्य आहे. परंतु एक दिवसाआड शॅम्पूची सवय इतक्या लहान वयात लावणे मला अजूनही पटलेले नाही.

दवणा

माजघरकाकू, तेलाची वेळ बदलण्याचा तुमचा उपाय मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याला आधारही आहे. २००३ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तीत धुण्याच्या आधी व नंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते असे दिसले. उरलेल्या दोन तेलांनी तसा परिणाम साधला नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात. अर्थात हा लाभ केसाच्या दांड्याला आहे. टाळूला स्वतःचे तेल भरपूर मिळत असताना बाहेरून आणखी देण्याचे कारण उरत नाही. तेल सोडल्याने केस पिकतात याला मात्र आधार नाही. केस गळतात ही भीती बहुधा धुताना हातात येणाऱ्या केसांमुळे वाटते. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते आणि आठवड्याने एकदा धुतले तर साचलेले सगळे एकदम हाती येतात.

शिकेकाई व रिठ्यात सॅपोनिन असते, त्यालाच फेस येतो, आणि त्यानेही तेल निघते. तेव्हा काढा की शॅम्पू हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्या घरात जे नियमित होईल ते करावे. मात्र बेसन, मुलतानी माती, लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा हे पदार्थ या मुलीच्या टाळूवर प्रयोग म्हणून लावू नयेत. सोडा साबणासारखाच अल्कधर्मी आहे, आणि खाजवून ओरखडे पडलेल्या टाळूवर लिंबू किती आग करते हे मुले दवाखान्यात येऊन सांगतात.

पायवाट (ठाणे)

मी अकरा वर्षांच्या मुलाचा बाबा आहे. मुलगे या अडचणीतून सुटतात असे कोणाला वाटत असेल तर तसे नाही. आमचे चिरंजीव रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळतात, सायकल चालवताना हेल्मेट घालतात आणि घरी आल्यावर डोक्यावर दोन तांबे पाणी ओतून ‘धुतले’ असे जाहीर करतात. फरक इतकाच की मुलाचे केस आखूड असल्यामुळे कोणी त्याला बोलत नाही.

कोणते काम कोणी करावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण आमच्याकडे खरी ओढाताण त्यावरूनच झाली. या वयात ‘तुझे डोके घाण झाले आहे’ असे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारले गेले की पुढचे आठ दिवस मूल न्हाणीघराचे दारही उघडत नाही. शरीर बदलू लागले आहे, त्यात तुझी काही चूक नाही, आणि आता तुझ्या केसांना पूर्वीपेक्षा जास्त वेळा धुण्याची गरज आहे, एवढे एकदा एकांतात सांगणे पुरेसे होते. त्याच बोलण्यात घामाच्या वासाचा विषयही निघाला, काखा साबणाने धुवायच्या हेही सांगून झाले आणि दोघांचाही संकोच कमी झाला. आईने मुलीशी बोलताना पुढे येणाऱ्या मासिक पाळीचा विषय काढण्यासाठीही ही संधी चांगली आहे असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे.

मुलाला मी प्रत्यक्ष धुऊन दाखवले, मग त्याने धुतले आणि मी बाहेरून विचारत राहिलो. कान आणि मानेच्या मागचा भाग हमखास राहतो. शॅम्पूची बाटली त्याच्या हाती दिली तेव्हा ती विलक्षण वेगाने संपू लागली, म्हणून आता एका छोट्या डबीत एका वेळेपुरता काढून ठेवतो. धुण्याचे दिवस त्याने स्वतः ठरवले आणि दिनदर्शिकेवर खुणा केल्या, त्यामुळे आम्ही आठवण करून देणे त्याला टोचणी वाटत नाही. तुमच्या मुलीचे केस कमरेपर्यंत असल्याने तिला सगळे एकटीने जमणार नाही. टाळू तिने चोळावी आणि खंगाळणे व गुंता सोडवणे तुम्ही करावे, अशी वाटणी बरी होईल असे मला वाटते.

केस कापण्याविषयी एक सुचवतो. ती आता चिडून कापा म्हणते आहे, तर लगेच सलूनमध्ये नेऊ नये आणि सपशेल नाहीही म्हणू नये. धुण्याची नवी पद्धत महिनाभर चालू द्यावी आणि त्यानंतरही तिला आखूड केस हवे असतील तर तो तिचा निर्णय मानावा. खांद्यापर्यंतचे केस धुणे व वाळवणे निम्म्या वेळात होते, हे तिच्या आजीलाही समजेल.

आणखी एक. घाईच्या सकाळी चिकट केसांवर टाल्कम पावडर भुरभुरण्याचा सल्ला आमच्या एका नातेवाइकांनी दिला होता. ती भुकटी श्वासातून आत जाते, म्हणून आम्ही तो मानला नाही. फवाऱ्याच्या कोरड्या शॅम्पूबाबतही मला तसेच वाटते.

घंटानाद (नाशिक)

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. तुमच्या मुलीच्या शाळेचा नियम एकदा नीट वाचून पाहावा, असे मी सुचवेन. बहुतेक शाळांचा नियम केस बांधलेले असावेत, रिबिनीने दोन वेण्या असाव्यात, एवढाच असतो. ‘तेल लावून’ हे शब्द घराघरांत त्याला जोडले जातात आणि मग तो नियमच आहे असे मुलींना वाटते. काही शाळांमध्ये तसा आग्रह खरोखर असेल तर वर्गशिक्षिकेला चार ओळींचे पत्र द्यावे. टाळूच्या तक्रारीमुळे सध्या तेल लावत नाही, असे पालकांनी लिहून दिल्यावर त्यावर हट्ट धरणारी शिक्षिका माझ्या पाहण्यात नाही.

चिडवण्याची गोष्ट मात्र पत्रात लिहू नये, प्रत्यक्ष भेटून सांगावी, आणि मुलीला विचारून सांगावी. वर्गासमोर त्या मुलींची कानउघाडणी झाली तर ‘बुधली’ हे नाव पक्के होते. आम्ही अशा वेळी नाव न घेता सगळ्याच मुलींशी वाढत्या वयातल्या स्वच्छतेबद्दल बोलतो. पाचवीच्या वर्गात निम्म्या मुली त्याच वाटेवर असतात आणि ऐकताना त्या एकदम गप्प होतात.

सकाळच्या शाळेतल्या मुलींबाबत एक गोष्ट नेहमी पाहते. पहाटे न्हाऊन ओल्याच केसांच्या घट्ट वेण्या घातल्या जातात, त्या दुपारपर्यंत आतून वाळत नाहीत आणि त्यातून तोच कुबट वास येतो ज्याचा दोष तेलाला दिला जातो. म्हणून शाळेच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असताना न्हावे आणि केस पूर्ण वाळल्यावर सैल वेणी घालून झोपावे. उशीचा अभ्रा आणि कंगवाही त्याच दिवशी धुवावा. डोके स्वच्छ आणि कंगवा तेलाने माखलेला, हे चित्र आम्ही सहलीच्या वेळी मुलींच्या पिशव्यांमध्ये पाहतो.

आणि कोंडा समजून ज्याकडे दुर्लक्ष होते त्या कधीकधी लिखा असतात. कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते आणि बोटाने सरकत नाही. उवा स्वच्छ आणि अस्वच्छ डोक्यात भेद करत नाहीत, त्यामुळे त्यात लाज वाटण्याचे कारण नाही, पण त्याचा उपाय वेगळा असतो.

कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. माजघरकाकूंचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. भावाच्या वाराचा उल्लेख आल्यावर त्या हसल्या आणि न्हाण्याआधी लांबीला तेल लावण्यास तयार झाल्या आहेत. फक्त नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला टाळूवर तेल घालणारच, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.

घंटानाद यांनी लिहिल्याप्रमाणे उजेडात नीट पाहिले. लिखा नाहीत. परंतु भांगात आणि कानामागे पिवळसर, तेलकट पापुद्रे आहेत आणि ते निघाल्यावर खालची त्वचा लालसर दिसते. यासाठी बाजारात मिळणारा कोंड्याचा शॅम्पू आणावा का? आणि एक दिवसाआड इतके लांब केस धुण्यासाठी पाणी कसे पुरवावे, हाही आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

बाभूळबन (लातूर)

पाण्याचे उत्तर मी देतो, कारण आमच्या भागात हा विषय सर्वांच्या घरचा आहे. नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी वेगवेगळे साठवत असाल तर केस भिजवणे आणि शॅम्पू चोळणे हे बोअरच्या पाण्यावर होऊ द्यावे आणि शेवटचे खंगाळणे तेवढे नळाच्या पाण्याने करावे. उलट क्रम केला तर गोडे पाणी वाया जाते आणि क्षार केसांवरच राहतात. केस बादलीत बुडवून धुण्यापेक्षा मुलीला पाटावर बसवून, मान खाली घालून, तांब्याने बारीक धार सोडावी. धार टाळूवर पडली पाहिजे, लांबीवर नव्हे. शॅम्पू तांब्यात आधीच पातळ करून घेतला की तो सगळीकडे लवकर पोहोचतो, फेस आटोक्यात राहतो आणि खंगाळायला कमी पाणी लागते. आमच्याकडे हे पाणी मोरीतून थेट परसातल्या केळीला जाते.

पाणी उकळून मऊ होते असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर देणारे क्षार उकळल्याने खाली बसतात, परंतु बोअरच्या पाण्यात दुसऱ्या प्रकारचा जडपणाही असतो आणि तो उकळून जात नाही. इतका गॅस जाळण्यात मला अर्थ दिसत नाही. पावसाळ्यात मात्र पहिले दोन पाऊस सोडून गच्चीवरचे पाणी स्वच्छ पिंपात धरावे. ते अगदी मऊ असते आणि केस धुण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे पाणी नाही. पिंपाला घट्ट झाकण ठेवावे, नाहीतर डासांची सोय होईल.

लांब केस हे आमच्याकडे घराण्याचे भूषण मानले जाते, पण फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहणाऱ्या घरांनी पायवाट यांच्या खांद्यापर्यंतच्या केसांचा विचार अवश्य करावा.

दवणा

पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाली लाली, हे वर्णन साध्या कोंड्याच्या पुढचे, म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिसचे (तेलकट त्वचेवर येणाऱ्या दाहाचे) वाटते. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी सर्वांच्याच डोक्यात वास्तव्य करून असते आणि ती तेलावरच जगते. प्रयोगशाळेत ती वाढवताना ऑलिव्ह तेल घालावे लागते, यावरून तिची आवड लक्षात येईल. अशा टाळूवर तेल चोळून पापुद्रे काढण्याचा घरगुती उपाय तात्पुरता बरा वाटतो, पण पापुद्रे पुन्हा येतात. म्हणून या काळात टाळूवर तेल पूर्णपणे बंद ठेवावे. नरक चतुर्दशीला अभ्यंग करायचेच असेल तर तेल अंगाला भरपूर लावावे, टाळूला शकुनापुरते लावावे आणि उटण्यानंतर डोके शॅम्पूने धुऊन मगच फराळाला बसावे.

औषधी शॅम्पू मात्र स्वतःच्या मनाने आणू नये. कीटोकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेला शॅम्पू यासाठी प्रभावी आहे, परंतु बारा वर्षांखालील मुलांना तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. डॉक्टर सहसा आठवड्यातून दोनदा, काही आठवडे, असा देतात. फेस तीन ते पाच मिनिटे टाळूवर राहू देऊन मग धुवावा लागतो. लावल्या लावल्या धुऊन टाकला तर तो औषध म्हणून काम करत नाही, आणि ‘गुण आला नाही’ म्हणून सांगणारे निम्मे पालक हेच करत असतात. मधल्या दिवशी साधा शॅम्पू वापरावा.

डॉक्टरांना दाखवाल तेव्हा टाळूवर कुठे केस तुटून गोल चकती पडली आहे का, तीवर खपली किंवा पू आहे का आणि मानेच्या मागे गाठी लागतात का, हेही पाहून घ्यायला सांगावे. या वयाच्या मुलांमध्ये डोक्याचे गजकर्ण होते. ते एकमेकांच्या कंगव्याने आणि टोपीने पसरते. ते नुसत्या शॅम्पूने बरे होत नाही, त्यासाठी काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. तुमच्या वर्णनात तसे काही नाही, तरी मुलीने मैत्रिणींचे कंगवे आणि रिबिनी वापरणे आजपासूनच थांबवावे.